राखाडी गाडीतले तीन जीव

"बाबा, तुम्हाला गाडी चालवता येते का?"

हा प्रश्न भिंगरीचा नव्हता. मधल्या सुट्टीत तिच्या दोन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. भिंगरी हे तिचं घरातलं नाव, एका जागी बसत नाही म्हणून पडलेलं. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तर ती जास्तच गरगरायला लागली होती. त्याआधी दुकानदाराकडे सुटे पैसे मागायचे तरी ती आईला पुढे ढकलायची. पण ढाल हातात पडली आणि तिला साक्षात्कार झाला, की आपण कुणालाही काहीही विचारू शकतो. हे मैत्रिणींनी हेरलं. त्यांतली एक वकील. आडनावाने नव्हे, स्वभावाने. ती म्हणाली, माझ्या बाबांनी तुझ्या बाबांना विचारून गाडी घेतली, समोरच्या काकांनी घेतली, अर्ध्या इमारतीने घेतली. मग सगळ्यांना गाडी घ्यायला लावणारा माणूस स्वतः रोज बसस्टॉपवर का दिसतो? हिंमत असेल तर विचार. दुसरी मैत्रीण, जिला सगळे घुबड म्हणायचे, ती नुसती चष्म्यातून बघत राहिली. भिंगरीला ते जास्त झोंबलं.

म्हणून तिने विचारलं. तेही रात्री जेवताना, बाबांचा घास ताट आणि तोंड यांच्या बरोबर मध्यावर असताना.

बाबा काय चीज होते ते इथे सांगायला हवं, नाहीतर तो घास तिथेच का थांबला ते कळायचं नाही. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. नवा नळ कुणाला हवा असेल तर पाइप किती लागेल, वळणं किती येतील, गळती किती होईल, याचा अंदाज काढणं हे त्यांचं काम. हीच सवय त्यांनी मोटारींना लावली होती. गॅलरीत उभं राहून नुसत्या आवाजावरून ते गाडीचं मॉडेल सांगत. पेट्रोलवर किलोमीटरला काय पडतं, डिझेलवर काय, गॅसवर काय, विजेवर काय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी चाललं असतं. आई म्हणायची, तेवढंच काय ते विचारा, दुधाचा भाव विचारू नका. त्यांच्या शब्दावर लोकांनी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, गॅसवर चालणारी आणि एकाच रंगाची गाडी घेतली होती. राखाडी रंगावर धूळ दिसत नाही, म्हणजे धुण्याचं पाणी वाचतं, हाही हिशेब बाबांचाच. परिणाम असा, की इमारतीखाली उभं राहून प्रत्येक जण आपल्या किल्लीचं बटण दाबायचा आणि जिचे दिवे लुकलुकतील ती आपली, असं समजून चालू पडायचा.

तर घास थांबला.

"लायसन्स आहे माझ्याकडे," बाबा म्हणाले.

"ते नाही विचारलं, बाबा."

आणि आई हसली. ती हसली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं भिंगरीचं आजही ठाम मत आहे.

पुढचे काही दिवस बाबा घरात पाहुण्यासारखे वावरले. गॅलरीत गेले नाहीत. खालून गाडी गेली तरी मॉडेल सांगितलं नाही. तळमजल्यावरच्या मावशींचे भाऊ सल्ला विचारायला आले, तर अंगात कणकण आहे म्हणून आतूनच त्यांना वाटेला लावलं. भिंगरीला बरं वाटत नव्हतं, पण फार वाईटही वाटत नव्हतं. हिमतीने काम केलं होतं, मैत्रिणींनी मान डोलावली होती. मग एका संध्याकाळी बाबा घरी आले, चपला न काढता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "सेक्रेटरींची गाडी घेतली."

इमारतीचे सेक्रेटरी विजेवरची गाडी घेत होते. का? तर बाबांनीच त्यांना पटवून दिलं होतं, की रोज एवढं फिरणाऱ्याला आता वीजच परवडते. त्यामुळे त्यांची जुनी राखाडी गाडी, जी त्यांनी बाबांच्याच सल्ल्याने घेतली होती, ती बाबांच्याच सल्ल्याने रिकामी झाली आणि बाबांच्याच गळ्यात येऊन पडली. इतका गोल फिरून आलेला सल्ला जगात दुसरा नसेल.

आईने कपाळाला हात लावला. भिंगरी आनंदाने ओरडली, आणि ओरडता ओरडता तिच्या पोटात पहिला गोळा आला. आपले बाबा गाडी चालवणार. आपण विचारलं म्हणून चालवणार. आणि त्यांना येत नसेल तर?

हा गोळा मोठा करण्याचं काम शेजाऱ्यांनी मनापासून केलं. तळमजल्यावरच्या मावशी गाडी बघायला आल्या, डिकी उघडायला लावली आणि आतली गॅसची टाकी बघून तोंडावर पदर धरला. "म्हणजे मागे बसायचं ते हिला पाठ टेकून?" असं त्यांनी विचारलं आणि भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. पेपरात अपघाताच्या बातमीत फोटो आल्यावर जसा त्या फोटोवरून फिरवतात तसा. सेक्रेटरी म्हणाले, काही होत नाही हो, फक्त वास आला की गाडी थांबवायची आणि पळायचं. कुणीकडे पळायचं हे त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून आईला सगळीकडे गॅसचा वास यायला लागला. गाडीपाशी, जिन्यात, बँकेच्या रांगेत. एकदा तर देवळात.

त्यात कागदपत्रं. गाडी नावावर करायला बाबा वाहन कार्यालयात गेले, तर खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, कागदावर गाडी चंदेरी आहे, तुम्ही अर्जात राखाडी लिहिलंय, गाडी आणून दाखवा. बाबांचा चेहरा पडला. रंगामुळे नव्हे, "आणून" या शब्दामुळे. शेवटी सेक्रेटरींनी गाडी चालवत नेली आणि बाबा शेजारी नवरदेवासारखे ताठ बसून गेले. कारकून बाहेर आला, उन्हात उभा राहिला, डोळे बारीक करून म्हणाला, ही चंदेरीच आहे, फक्त धुतलेली नाही. बाबा म्हणाले, ती राखाडीच आहे आणि त्यामागे एक विचार आहे. बरीच हुज्जत झाली. अखेर कार्यालयातल्या शिपायाने फडकं आणून एक दार पुसलं आणि आत खरोखरच चंदेरी निघाली. बाबांना हे फार लागलं. परतताना ते एवढंच म्हणाले, की मग पाणी वाचलं ते धुळीमुळे, रंगामुळे नाही.

भिंगरीच्या लक्षात मात्र दुसरीच गोष्ट आली होती. गाडी घेऊन आता बरेच दिवस झाले होते, आणि बाबांनी अजून एकदाही स्टिअरिंगला हात लावला नव्हता. रोज सकाळी ते खाली जायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, टायर बुटाने दाबून बघायचे आणि बसस्टॉपकडे चालू लागायचे. जिन्याच्या खिडकीतून तिने एकदा पाहिलं, बाबा गाडीत बसले होते, काचा वर, दोन्ही हात मांडीवर. बराच वेळ तसेच बसले आणि उतरले. तिला एकदम रडूच आलं. त्यांना जाऊन सांगावं, की तो प्रश्न माझा नव्हता, विसरून जा. पण वक्तृत्वातली ढाल मिळवलेल्या मुलीला एवढं एक वाक्य काही जमेना.

मग एका रविवारी सकाळी बाबा म्हणाले, चला, गॅस भरून येऊ.

गॅसचा काटा अगदी तळाला टेकला होता. पेट्रोलची छोटी टाकी होती, पण ती गाडी सुरू करण्यापुरती. पेट्रोलवर गाडी पळवणं म्हणजे बाबांच्या लेखी तूप ओतून लादी पुसणं. आणि गॅसचा पंप उड्डाणपुलाच्या पलीकडे. रविवारी रस्ते मोकळे असतात, असा त्यांचा अंदाज. आई पुढे बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून. भिंगरी मागे, टाकीला पाठ लागू नये म्हणून सीटच्या अगदी टोकावर.

गाडी निघाली. म्हणजे आधी एक उडी मारली, मग विचार बदलला, मग निघाली.

त्या प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बराच वेळ भिंगरीचे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा एक सायकलवाला त्यांच्या पुढे निघून जाताना मागे वळून काळजीने बघत होता. बाबा गाडीशी बोलत होते. "आता डावीकडे हं. हां. आता तिसरा टाकू का? नको, राहू दे." आई आपल्या बाजूच्या पायपुसण्यावर जीव खाऊन ब्रेक दाबत होती. वास येतोय का, असं ती दर वळणाला विचारायची, आणि भिंगरी नाही म्हणायची, आणि मग तिला खरंच वास यायला लागायचा.

उड्डाणपुलाच्या चढावर, बरोबर मध्यावर, गाडी बंद पडली.

आणि हळूच मागे यायला लागली. भिंगरीने मान वळवली तर मागच्या काचेत एक पाण्याचा टँकर मोठा मोठा होत होता. "अहो," आई म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरला. गाडी थांबली. टँकर पण थांबला. त्याचा ड्रायव्हर उतरून खिडकीपाशी आला, वाकला आणि त्याचे डोळे विस्फारले. "साहेब, तुम्ही?" टँकर बाबांच्याच खात्याचा होता. उद्या सकाळी ऑफिसात ही बातमी बाबांच्या आधी पोचणार, हे बाबांच्या मानेवर लाल होऊन उमटलं. टँकरवाल्याने कसलंही हसू न दाखवता मागच्या चाकाला दगड लावला, गाडी सुरू झाली, आणि पुलावरून खाली उतरताना भिंगरीच्या मनात एकच विचार होता. आज काही झालं, तर ते माझ्यामुळे.

पंपावर रांग होती. रांग कसली, शेपूटच. सगळ्या शहराने बाबांसारखाच अंदाज काढला होता.

इथे मात्र बाबांचा चेहरा बदलला. कारण गॅसच्या रांगेची रीत वेगळी असते. इंजिन बंद, माणसं सगळी खाली. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला ठेवायचा, म्हणजे मालक सावलीत गेला तरी मागचा माणूस त्याची गाडी ढकलून पुढे सरकवू शकतो. कुणी गाडी चालवतच नाही, सगळे ढकलतात. बाबांना असा पंप कुणी आधी दाखवला असता, तर त्यांनी आयुष्यभर अशाच रांगेत गाडी चालवली असती. ते बाह्या सरसावून उतरले, चार धक्के दिले, आणि शेजारच्या गृहस्थांशी बोलणं सुरू झालं. त्या गृहस्थांना भरघोस मिशा होत्या आणि गाडी हीच, राखाडी. त्यांनी विचारलं, विजेवरची घेऊ का हो? झालं. बाबांना कोंब फुटले. बॅटरी बदलायचा दिवस धरला तर काय पडतं, घरी चार्जिंग केलं तर काय, बाहेर केलं तर काय. भोवती माणसं जमली. कुणी तर सावलीतून उठून आलं. भिंगरीला कित्येक दिवसांत पहिल्यांदा आपले बाबा दिसले, हात हलवत बोलणारे.

तेवढ्यात पंपावरचा माणूस ओरडला, राखाडी, पुढे घ्या. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा विजेच्या रात्रीच्या दरावर पोचले होते, म्हणजे इतक्यात येणार नव्हते. "चल गं, आपणच ढकलू," आई म्हणाली. तिने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं, भिंगरी मागून लागली. गाडी लोण्यासारखी सरकली. पंपावर गेली, नळी लागली, गॅस भरला, आईने पैसे दिले, आणि दोघींना आपला इतका अभिमान वाटला की आई म्हणाली, "यांच्यावाचून काही अडत नाही."

बाबांनी उतरताना किल्ली भिंगरीकडे दिली होती. सवयीने तिने बटण दाबलं.

समोरच्या गाडीचे दिवे लागले नाहीत. लांब, रांगेच्या बाहेर, पंपाच्या फाटकाकडे उतरत्या जागी उभ्या असलेल्या एका राखाडी गाडीने दोनदा डोळे मिचकावले. त्यांची खरी गाडी ती होती; तिचा कुणी वाली दिसत नाही म्हणून मागच्यांनी रीतीप्रमाणे ढकलत ढकलत ती बाजूला नेऊन ठेवली होती. न्यूट्रलमध्ये. हँडब्रेक सोडलेली. आणि मिशीवाल्यांच्या गाडीत गॅस भरून झाला होता.

"आई," भिंगरी म्हणाली, "ती हलतेय."

ती खरंच हलत होती. आधी मुंगीसारखी, मग म्हशीसारखी. फाटकाबाहेर मोठा रस्ता, आणि रस्त्याच्या अलीकडे बसस्टॉप, आणि बसस्टॉपवर बाकावर बसलेली माणसं, जी समोर बसची वाट बघत होती आणि मागून काय येतंय याची त्यांना कल्पना नव्हती. भिंगरीच्या तोंडून आवाज फुटेना. ढाल मिळवणाऱ्या त्या मोठ्या आवाजाने नेमक्या वेळी दगा दिला.

बाबांनी पाहिलं. वाक्य अर्धं टाकून ते धावले. एक चप्पल मागे राहिली. मिशीवाले काका मागे, आई मागे, भिंगरी सर्वांत मागे. बाबांनी धावता धावता गाडीचं दार उघडलं, आत झेप घेतली, आणि त्यांचे पाय बाहेर लोंबकळत असतानाच गाडी कचकन थांबली. बसस्टॉपचा बाक हातभर अंतरावर होता. बाकावरच्या सगळ्यांनी पाय वर घेतले होते, आणि एक म्हातारबाबा छत्री रोखून गाडीसमोर तयार होते.

काही झालं नव्हतं. कुणाला ओरखडाही नव्हता. बाबा सावकाश आत सरकून सीटवर बसले. दोन्ही हात हँडब्रेकवरच होते. भिंगरी खिडकीपाशी पोचली तरी त्यांनी ते काढले नाहीत.

"मला भीती वाटते गं," बाबा म्हणाले. "गाडीत बसलो की किल्ली फिरवायलाच धजत नाही. रोज वाटतं आज जमेल. नाही जमत."

 आईने बाबांची चप्पल आणली होती, ती त्यांच्या पायाशी ठेवली. मिशीवाले काका मन मोठं असलेले निघाले. गॅसचे पैसे त्यांनी आईच्या हातात बळेच कोंबले आणि म्हणाले, साहेब, असं करा, किल्ली माझ्याकडे द्या, माझी बायको आमची गाडी आणेल, मी तुमची तुमच्या दाराशी लावून देतो. बाबांना साहेब म्हणताना काकांच्या आवाजात खरोखर आदर होता, आणि म्हणूनच ते ऐकणं जास्त कठीण होतं. बाबांनी भिंगरीकडे हात पुढे केला. तिने किल्ली दिली. त्यांनी ती मिशीवाल्यांना दिली. इतक्या पटकन दिली, की जणू हातात निखारा होता.

"आपण बसने जाऊ," आई म्हणाली. बसस्टॉप तिथेच होता, बाकावर जागाही झाली होती. "आणि ही विकून टाकू. उद्याच. मावशींचा भाऊ घेईल."

"हो," बाबा म्हणाले. "बसच परवडते तशी." आणि ते बसच्या तिकिटाचं किलोमीटरला काय पडतं ते सांगायला लागले, पण आकडा आठवेना. त्यांना आकडा आठवेना, हे भिंगरीने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. ते डोकं खाली घालून चपलेचा अंगठा नीट बसवत राहिले.

भिंगरीला हायसं वाटायला हवं होतं. गाडी जाणार होती, टाकी जाणार होती, पोटातला गोळा जाणार होता. उद्या शाळेत काय सांगायचं तेवढं बघावं लागलं असतं, पण तेही जमलं असतं. पण तिला एकदम दिसलं, की उद्यापासून बाबा गॅलरीत जाणार नाहीत. कुणी सल्ला विचारायला आलं की त्यांना कणकण येईल. आणि ती कणकण मधल्या सुट्टीतल्या त्या पैजेतून आली हे सगळ्या घरात फक्त तिलाच ठाऊक असेल. शिवाय ज्या माणसाने आत्ता चालत्या गाडीत उडी मारली, त्याने उडी मारायच्या आधी भीती वाटते का, असा विचार केला होता का? नव्हता.   तिने मिशीवाल्या काकांपुढे हात पसरला.

"किल्ली द्या, काका. तुमचे फार उपकार आहेत, पण किल्ली द्या."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वर केली. आईने "भिंगरे," एवढंच म्हटलं, आणि तो सूर ओळखीचा होता, पुढे काय येतं तेही ठाऊक होतं. भिंगरीने ते पुढचं येऊ दिलं नाही.

"आई, तू बसने जा हवं तर. मी बाबांच्या गाडीतून घरी येणार आहे. आपल्या गाडीत अजून गॅस भरलेलाच नाही, म्हणून आधी आम्ही परत रांगेत लागणार. मग बाबा चालवतील. पुलावरून नको, खालच्या रस्त्याने. बाबा, तुम्हाला भीती वाटते, मला तुमच्यापेक्षा जास्त वाटते, आणि ती काही आज जात नाही. ती भीती मागच्या सीटवर बसू दे, टाकीला टेकून. मी तुमच्या शेजारी बसतेय."

काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली, आणि तिने बाबांच्या शेजारचं दार उघडलं.